अंगणात करवंदाची जाळी: बी रुजवण्यापासून फळ तोडण्यापर्यंत

आमच्या घराच्या पश्चिमेला मुरमाचा उतार आहे. तिथे कुसळी गवताशिवाय काही टिकत नव्हतं. आता त्या उतारावर करवंदाच्या तीन जाळ्या आहेत. सर्वांत जुनी ११ वर्षांची, माझ्या डोक्याच्या वर गेलेली. फेब्रुवारीच्या अखेरीस संध्याकाळी तिच्याजवळून गेलं की जुईसारखा वास येतो. मे महिन्यात घरातली पोरं वाट्या घेऊन तिच्याभोवती असतात. एरवी वर्षभर ती हिरवीगार असते, भर उन्हाळ्यातसुद्धा.

घरी येणारं माणूस हमखास विचारतं, "करवंद कुणी लावतं होय?" डोंगरावर आपसूक येतं, घाटात द्रोणाने विकत मिळतं, त्यामुळे ते मुद्दाम लावावं असं कुणाच्या मनात येत नाही. नर्सरीतून ड्रॅगन फ्रूटची रोपं आणणारी माणसं मी पाहतो, पण करवंदाचं रोप मागणारा क्वचित भेटतो. मला विचाराल तर ज्याच्याकडे घराभोवती दोन हात मोकळी, उन्हाची जागा आहे, त्याने एक तरी जाळी लावावी. इतक्या कमी मेहनतीत फूल, फळ आणि कुंपण तिन्ही देणारं दुसरं झुडूप मला माहीत नाही. अट एकच: त्याचे लाड करायचे नाहीत. करवंद मरतं किंवा फळत नाही, ते बहुतेक वेळा आपण त्याला जास्त दिल्यामुळे.

आधी झाड ओळखा

करवंद हे कण्हेर, चाफा आणि सदाफुलीच्या कुळातलं झुडूप. म्हणून पान तोडलं की पांढरा चीक येतो. पानं समोरासमोर, जाड, चकचकीत, वरून गडद हिरवी. प्रत्येक पेराशी कडक, टोकदार काट्यांची जोडी, आणि काही काट्यांना पुढे दोन फाटे. फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची, फांदीच्या टोकाला झुबक्याने येणारी. फळ हिरव्याचं लालसर आणि मग जांभळट काळं होतं. गोव्यात यालाच कांटां म्हणतात.

नर्सरीत 'करवंद' म्हणून तीन वेगळ्या गोष्टी मिळतात, तिथे डोळे उघडे ठेवा. पहिलं आपलं सह्याद्रीतलं काळं करवंद: फळ लहान, वास आणि गोडी भरपूर, उन्हाळ्यात पिकणारं. दुसरी उत्तरेकडची मोठ्या फळांची झाडं. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाच्या पंत मनोहर, पंत सुवर्णा आणि पंत सुदर्शन या जाती त्यांतल्याच. काहींची फळं पांढरी-गुलाबी आणि देखणी असतात, लोणचं-मुरंब्याला उत्तम, पण हातात घेऊन खायला आंबट. उत्तरेत ती पावसाळ्यात तयार होतात, आणि आपल्याकडच्या पावसात तोडणीला आलेलं करवंद कुजतं, हे लक्षात ठेवा. तिसरं नेटाल प्लम, मूळ दक्षिण आफ्रिकेचं. त्याची पानं गोलसर आणि जाड, फूल चांगलं दोन इंच रुंद, फळ मोठं आणि लाल. ते शोभेला छान आहे, फळही खातात, पण त्याला करवंदाची चव नाही.

खाण्यासाठी लावायचं असेल तर पहिलंच घ्या. फळ जरा मोठं हवं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही जात विचारून पाहा. ती आपल्याच हवेत निवडलेली आहे.

रोप: बियांपासून की गुटीपासून

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मे महिन्यात घाटात द्रोण घेऊन बसलेल्या एखाद्या मावशींकडून करवंदं घ्यायची. चार द्रोण चाखून पाहा, कारण प्रत्येक जाळीची चव वेगळी असते. जो द्रोण आवडला त्यातली काळीभोर, मऊ झालेली फळं बाजूला ठेवा.

इथे एक गोष्ट काटेकोरपणे पाळायची. करवंदाचं बी साठवून टिकत नाही. पाकिटात घालून 'पुढच्या महिन्यात पेरू' म्हटलंत की उगवण झपाट्याने घटते. म्हणून फळं घरी आणली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ती पाण्यात कुस्करा. बिया चपट्या, तपकिरी, एका फळात साधारण तीन ते पाच निघतात. त्यांना गर आणि चीक चिकटलेला असतो, तो नुसत्या पाण्याने सुटत नाही. मूठभर चुलीची राख घेऊन बिया तळहातावर चोळा, पुन्हा धुवा, आणि सावलीत कागदावर एक दिवस पसरा. उन्हात वाळवू नका.

रोपांच्या पिशवीत दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग मुरलेलं शेणखत भरा. प्रत्येक पिशवीत दोन बिया, नखभर खोल. ओल राहील इतकंच पाणी. तीन-चार आठवड्यांत कोंब दिसतात. पुढे मात्र धीर धरावा लागतो. पहिल्या वर्षी रोप जेमतेम वीतभर होतं, कारण त्या काळात ते खाली मूळ घालत असतं. अशी रोपं वर्षभर पिशवीतच वाढवून पुढच्या पावसाळ्यात जमिनीत लावायची.

बियांच्या झाडाला फळ धरायला तीन ते पाच वर्षं लागतात, आणि फळ आईसारखंच निघेल याची खात्री नसते. माझ्याकडच्या दोन जाळ्या एकाच द्रोणातल्या बियांच्या आहेत. एकीची फळं गोड आणि लांबट, दुसरीची गोल आणि आंबटसर. नक्की तीच चव हवी असेल तर गुटी कलम करा. ओळखीच्या माणसाच्या बांधावर चांगली जाळी असेल तर त्यांना विचारून जुलैमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडा. इंचभर रुंदीची साल गोल काढा. चीक भळभळ वाहील. ओल्या फडक्याने तो पुसून घ्या आणि थांबेपर्यंत वाट पाहा. ही पायरी घाईत उरकली तर मुळं फुटण्याआधीच जखम कुजते. मग वरच्या कडेला मुळं फुटण्याची पावडर लावून भिजवलेलं शेवाळ मुठीएवढं गुंडाळा, त्यावर प्लास्टिक, दोन्ही टोकांना घट्ट सुतळी. साधारण दोन-अडीच महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागली की गुटीच्या खालून फांदी कापा आणि कुंडीत, सावलीत ठेवा. सगळ्या गुट्या लागत नाहीत, म्हणून एक हवी असेल तर चार बांधा. नुसत्या फांद्या खोचून करवंद लावायचा प्रयत्न मी तीन पावसाळे केला आणि सोडून दिला.

जंगलातली रोपं उपटून आणू नका. वनजमिनीवरून झाड काढणं बेकायदेशीर आहेच, शिवाय वीतभर दिसणाऱ्या रोपाचं मूळ खडकाच्या फटीत खोल गेलेलं असतं. ते तुटतं आणि आणलेलं रोप आठवडाभरात वाळतं.

जागा निवडताना

करवंद डोंगरात कुठे दिसतं ते आठवा: उतारावर, जांभ्याच्या कातळात, मुरमाड माळावर, उघड्या उन्हात. पाऊस धो-धो पडतो, पण पाणी क्षणभर थांबत नाही. अंगणात हेच द्यायचं. दिवसाला किमान सहा तास ऊन आणि पाण्याचा पूर्ण निचरा. माती हलकी असली तरी चालते, किंबहुना तीच बरी.

माझी अगदी पहिली दोन रोपं मी न्हाणीचं पाणी जातं त्या आळ्याजवळ लावली होती. आयतं पाणी मिळेल असं वाटलं. पहिला हिवाळा ती तरारली, पानं हाताएवढी लुसलुशीत झाली. पुढच्या ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडून गळायला लागली. उपटून पाहिलं तर मुळांची साल बोटाने सोलून निघत होती, आत काळं पडलेलं. मूळकुज. त्यानंतर मी जागा बदलली, माणसाने न राबलेला तो मुरमाचा उतार निवडला.

जमीन काळी, भारी असेल तर खड्ड्यात लावूच नका. दगड, मुरूम आणि माती टाकून गुडघाभर उंच वरंबा करा आणि त्यावर लावा.

काट्यांचा विचार आधीच करा. काटा इंच-सव्वा इंचाचा, वाळला की आणखी कडक, चपलेतून आरपार जाणारा. वाट, पोरांची खेळायची जागा आणि गाडी लावायची जागा यांपासून किमान दीड मीटर अंतर ठेवा. हाच काटा कुंपणावर मात्र सोन्यासारखा आहे. गुरं, कुत्री, माणसं, कुणीच त्यातून आत येत नाही.

लागवड

मे महिन्यात दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या आणि पंधरा दिवस उन्हात तापू द्या. वरची माती, एक घमेलं मुरलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड एकत्र करून भरा. भरलेला खड्डा जमिनीपेक्षा चार बोटं उंच राहायला हवा, कारण माती बसते आणि मग तिथेच पाणी साचतं. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की रोप लावा. पिशवी फाडताना मुळांचा गोळा फुटू देऊ नका. पिशवीत मातीची जी पातळी होती तीच जमिनीत ठेवा, खोड पुरू नका.

अंतर तुम्हाला काय हवं त्यावर. फळांसाठी दोन झाडांत अडीच ते तीन मीटर. कुंपणासाठी एक मीटर, फार दाट हवं असेल तर दोन फूट. पण दाट आणि सतत कातरलेल्या कुंपणाला फळ कमी लागतं, हे आधीच ठरवून घ्या.

गच्चीवरही करवंद येतं. २०० लिटरचा ड्रम आडवा कापून अर्धा घ्या, तळाला सहा-सात भोकं, त्यावर विटांचे तुकडे. भरताना दोन भाग माती, एक भाग बारीक मुरूम किंवा भरड वाळू, एक भाग शेणखत. नुसतं कोकोपीट आणि गांडूळखत भरलेल्या कुंडीत करवंद लावू नका. त्यात ओल फार काळ राहते. ड्रम कठड्यापाशी, काटे कुणाच्या अंगाला लागणार नाहीत असा ठेवा.

पाणी आणि खत: हात आखडता ठेवा

पहिलं वर्ष रोपाला आधार लागतो. पाऊस संपल्यावर हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी आणि उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी बादलीभर पाणी द्या. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा, पण खोडाला टेकवू नका. दुसऱ्या वर्षी निम्मं.

तिसऱ्या वर्षापासून खरी गोष्ट सुरू होते. जमिनीतल्या झाडाला नोव्हेंबर ते जानेवारी अजिबात पाणी देऊ नका. या ताणात पालवी थांबते, फांद्या जून होतात, आणि ऊन वाढू लागलं की त्याच फांद्यांच्या टोकांवर कळ्या येतात. हिवाळ्यात पाणी चालू ठेवलं तर झाड नुसतं पाला काढत बसतं. 'पाच वर्षं झाली, झाड छान आहे पण फूल नाही' असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, बागेला पाइप कधी लावता? बहुतेकांचं करवंद गुलाब-जास्वंदीच्या रांगेत असतं आणि त्यांच्याबरोबर रोज भिजत असतं.

फुलं गळून ज्वारीच्या दाण्याएवढी हिरवी फळं दिसली की मग दर आठवड्याला दोन बादल्या द्या. त्याने फळ पोसतं आणि कमी गळतं. फळ काळं पडायला लागलं की पुन्हा बंद. पिकताना पाणी मिळालं तर फळ पाणचट होतं. ड्रममधल्या झाडाला इतका कडक ताण सोसत नाही. तिथे हिवाळ्यात माती दोन बोटं खोल कोरडी लागली की तांब्याभर पाणी.

खत वर्षातून एकदा, जूनमध्ये. लहान झाडाला एक घमेलं शेणखत, मोठ्याला दोन. युरिया नको. मोठी, मऊ, फिकट पानं दिसली की समजा जास्त खाल्लंय.

छाटणी, आणि ती कधी

हा भाग चुकला तर वर्ष वाया जातं. करवंदाला फूल येतं ते पावसाळ्यात वाढलेल्या आणि हिवाळ्यात जून झालेल्या फांद्यांच्या शेंड्याकडे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्याने कात्री चालवली की त्याच फांद्या जातात आणि उन्हाळ्यात जाळी रिकामी राहते. छाटणीची वेळ एकच: शेवटची फळं उतरल्यापासून जूनच्या अखेरपर्यंत. मग नव्या फुटीला अख्खा पावसाळा मिळतो.

लावल्यावर पहिली दोन वर्षं आकार द्यायचा. जमिनीपासून फूटभर सगळ्या फुटी काढून तीन-चार जोमदार खोडं ठेवा. त्यामुळे खाली हवा खेळते, तण काढता येतं आणि साप-विंचवाला आडोसा राहत नाही. मोठ्या झाडात मात्र हात फार चालवू नका. वाळलेल्या, एकमेकींत घुसलेल्या आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या काढा. मधे हातभर खिडकी राहील एवढं मोकळं करा, म्हणजे ऊन आत जातं आणि तोडणीला हातही. उंची सहा फुटांवर रोखलेली बरी.

जाड चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि चश्मा घातल्याशिवाय कात्री धरू नका. चीक डोळ्यांत गेला तर आग होते. कापलेली प्रत्येक फांदी लगेच एका बाजूला रचा. गवतात पडलेला एक काटासुद्धा पुढे कुणाच्या तरी पायात जातो. माझ्याकडे त्या फांद्या भाजीच्या वाफ्याभोवती टाकतो, कोंबड्या आत येत नाहीत.

कीड-रोग

थोडक्यात आटोपतं. कुंडीतल्या झाडावर पिठ्या ढेकूण आणि खवले कीड दिसते. साबणाचं सौम्य पाणी फडक्याने लावून पुसा, जास्त असेल तर निंबोळी अर्क फवारा. पावसाळ्यात कधी बोटाएवढी हिरवी अळी सापडते, पुढच्या बाजूला निळे डोळ्यांसारखे ठिपके असलेली. ती कण्हेरीवरच्या पतंगाची. दोन-चार असतात, काठीने उचलून दूर टाका. शेंड्याकडून फांदी वाळत खाली आली तर हिरव्या भागापर्यंत कापा. फुलोऱ्याच्या दिवसांत कुठलंही औषध मारू नका, मधमाश्या आणि पतंग त्याच वासावर येतात.

तोडणी

फळं एकदम पिकत नाहीत. दर चार-पाच दिवसांनी एक फेरी, अशी महिनाभर तोडणी चालते. लोणच्यासाठी हिरवी, टणक फळं एप्रिलमध्येच काढा, आत बी कडक होण्याआधी. जेलीसाठी लालसर, अर्धवट पिकलेली घ्या. त्यांत जेली घट्ट करणारं पेक्टिन भरपूर असतं, वेगळं काही घालावं लागत नाही. खायची असतील तर पूर्ण काळी होऊन बोटाला किंचित मऊ लागेपर्यंत थांबा. नुसती लाल झालेली खाल्ली तर चीक ओठांना चिकटतो आणि दिवसभर जात नाही.

एका हाताने काठीच्या आकड्याने फांदी ओढून धरा, दुसऱ्या हाताने फळ देठाशी पिळून सोडवा. ओढलं तर साल फाटते. घरी आणल्यावर मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, देठाशी आलेला चीक सुटतो. काळी फळं दोन-तीन दिवसांच्या वर राहत नाहीत. उरली तर त्याच दिवशी कुस्करून, गाळून, दीडपट साखर आणि चिमूटभर मीठ घालून उकळा. बाटलीत भरलेलं हे गर्द जांभळट लाल सरबत पुढे बरेच दिवस पुरतं.

आमच्याकडे मात्र बरीचशी फळं स्वयंपाकघरापर्यंत पोचतच नाहीत. झाडाखालीच पोरांचा खेळ सुरू होतो: "कोंबडा की कोंबडी?" समोरच्याने सांगायचं, मग फळ चावून दाखवायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. हरणाऱ्याने पुढचं फळ काट्यांतून काढून द्यायचं.

शेंड्यावरची, हाताला न येणारी फळं आम्ही बुलबुलांना सोडतो. पहिला वळीव झाला की उरलेली फळं फुगून फुटतात. ती झाडून काढली, की दुसऱ्या सकाळी कात्रीला धार लावून छाटणीला लागायचं.